होडी परत कुठे लागेल?

गणपती गेले, पाऊस ओसरला, ऑक्टोबरच्या उन्हात समुद्र निवळायला लागला की फोन सुरू होतात. नवी कयाक घेतली आहे, रॉड-रीळ तयार आहे, कुठे उतरू? विचारणाऱ्याला खरं तर मासा कुठे लागतोय एवढंच हवं असतं, आणि आपल्यातले जुने लोकही तेवढंच सांगून मोकळे होतात. अमुक खडकाला सुरमई आहे, तमुक मुखाशी तांबोशी आहे. पण ती जागा वर्षानुवर्षं तिथे गरवणाऱ्याची असते. पहिल्यांदा वल्हं हातात धरलेल्याला तीच जागा सांगणं म्हणजे त्याला धोक्यात लोटणं आहे, हे आपल्यापैकी जे नवख्यांना पाण्यात नेतात त्यांना तरी स्पष्टपणे सांगायला हवं.

आमची कसोटी एकच आहे. वल्हं हातून सुटलं आणि माणसाला काहीच करता आलं नाही, तर अर्ध्या तासाने ही कयाक कुठे असेल? याच वाळूवर किंवा याच खाडीत आत कुठेतरी, असं उत्तर आलं तर जागा नवख्याची. उघड्या समुद्रात, खडकावर किंवा खाडीत खुंटांना ताणून बांधलेल्या डोलीच्या जाळ्यात, असं उत्तर आलं तर तिथे जिताडा उड्या मारत असला तरी नको.

हे उत्तर किनाऱ्यावर उभं राहूनच मिळवता येतं. नारळाचं एक भिजलेलं सोडण लाटा फुटतात त्याच्या पलीकडे भिरकावून द्या आणि वीस मिनिटं बघत बसा. सोडण बहुतेक पाण्याखाली असतं, त्यामुळे ते वाऱ्यापेक्षा प्रवाहाचं जास्त ऐकतं. किनाऱ्याला समांतर सरकत खडकाळ टोकाकडे निघालं, तर आपली कयाकही तिकडेच जाणार. लाटा फुटत नाहीत अशा एखाद्या शांत पट्ट्यातून ते सरळ बाहेर गेलं, तर तो पट्टा म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी परत समुद्रात जाण्याची वाट आहे. नवखा नेमका हाच पट्टा निवडतो, कारण तिथे पाणी सपाट दिसतं. सोडण टाकून त्याला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. तासभराच्या भाषणापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

वाऱ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण गरवायची कयाक उंच असते आणि तिच्यावर बसलेला माणूस शिडासारखा वारा अडवतो. कोकणात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. माडांच्या आणि डोंगराच्या आडोशाला असलेलं किनाऱ्यालगतचं पाणी तेव्हा आरशासारखं असतं आणि वारा पडलाय असं वाटतं. अर्धा किलोमीटर बाहेर गेल्यावर तोच वारा पाठीला लागतो. कयाक आपोआप पुढे जाते, माणूस खूश होतो, आणि वळल्यावर कळतं की आता सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर आहे. दहा-अकराच्या सुमारास खारा वारा सुरू झाला की तो घरी ढकलतो खरा, पण तोवर किनाऱ्यावरच्या लाटाही वाढलेल्या असतात. म्हणून सकाळी नवख्याची हद्द आखून द्यावी: किनाऱ्यावरच्या माणसाचा हात हलताना दिसतो तिथपर्यंतच. दुपारचा वारा आपल्याकडे बहुतेक वायव्येचा, म्हणून उत्तरेला डोंगराचं टोक किंवा बेट असलेले उपसागर बरे. गोव्यातलं पाळोळें हे याचं चांगलं उदाहरण. दोन्ही टोकांना खडक, उत्तरेला काणकोणचं बेट, मध्ये अर्धचंद्राकार सपाट वाळू. मालवणची चिवला वेळाही अशीच आवरलेली आहे, तिथे समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात त्या उगीच नाही. मात्र मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गरी टाकण्याआधी वनखात्याकडे हद्द विचारून घ्यायलाच हवी.

भरतीची वेळ काढायचा आपल्या दर्यावर्दींचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा मुंबईच्या आसपासचा अंदाज. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला भरती याहून लवकर येते, म्हणून नक्की वेळ कोष्टकातच बघावी. नवख्याला पहिल्यांदा खाडीत न्यायचं तर आम्ही एकादशी ते त्रयोदशीची सकाळ सुचवू. भांग नुकतीच होऊन गेलेली असते, पाण्याला ओढ कमी असते, आणि उजाडल्यापासून भरती आपल्याला आत, गावाकडे नेत असते. पाणी थांबलं की परत निघायचं. ओहोटीला खरा जोर तिसऱ्या-चौथ्या तासात येतो, तोवर कयाक टपावर बांधून झालेली असली पाहिजे.

खाडीच्या मुखाबद्दल मात्र तडजोड नको. नवखा माणूस ताशी चार किलोमीटरच्या पुढे फार वेळ वल्हवू शकत नाही, आणि उधाणाच्या ओहोटीला अरुंद मुखातलं पाणी तेवढ्याच किंवा त्याहून जास्त वेगाने बाहेर पडतं. त्यात समोरून येणारी लाट मुखावरच्या वाळूच्या उंचवट्यावर त्या पाण्याला भिडली की ती उभी राहून फुटते. मांडवीच्या तोंडावरचा आग्वादचा बार पावसाळ्यात मोठ्या बार्जनाही बंद असतो. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी वाळूने मच्छीमारांना किती त्रास दिला आहे ते तिथल्या कुणालाही विचारा. मासा मुखाशीच असतो हे खरं आहे. तो दुसऱ्या हंगामासाठी ठेवावा.

उघड्या किनाऱ्यावरून उतरायचंच असेल, तर आधी पायाखालची वाळू बघा. पाऊल रुतणारी जाड वाळू असली की किनारा उतरता असतो आणि लाट शेवटच्या दोन हातांवर एकदम कोसळते. मुरुड-कर्द्यासारख्या घट्ट, बारीक वाळूवर लाट लांबून हळूहळू फुटत येते. कयाक उलटते ती बहुतेक वेळा परतताना. मागून आलेल्या लाटेने ती आडवी होते, उभे ठेवलेले रॉड वाळूत रुतून मोडतात आणि सुटलेल्या गऱ्या अंगात घुसतात. म्हणून लाटांच्या बाहेरच थांबून गऱ्या डब्यात, रॉड आडवे बांधलेले, अंगावर लाइफ जॅकेट कसलेलं. हे शिकवल्याशिवाय कुणालाही लाटांतून नेऊ नये. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक फोनमध्ये हवेत, आणि फोन पाण्यापासून सुरक्षित पिशवीत, तीही अंगाला बांधलेली.

रापण ओढणारे लोक किनाऱ्यावर असतील तर त्यांच्याशी आधी बोला. जाळं कुठून कुठवर पडणार आहे ते ते सांगतील, आणि आज पाणी कसं आहे हेही. त्यांचं पोट त्या जाळ्यावर आहे, त्यावरून कयाक नेणं आपल्याला कोणत्याही सबबीवर शोभत नाही.

या अंकापासून ‘जागा’ या सदरात आम्ही एक बदल करत आहोत. प्रत्येक ठिकाणाखाली आधी परतीची माहिती येईल: वाळू कशी आहे, कोणत्या भरतीला उतरावं, दुपारी वारा कुठून येतो, अडचण आली तर दुसरीकडे कुठे लागता येईल. मासा कोणता लागतो ते त्यानंतर. आपापल्या किनाऱ्यांची अशी माहिती वाचकांनी पुढच्या अमावास्येपर्यंत पाठवावी. शक्य असेल तर ऐन भरतीचा आणि ऐन ओहोटीचा, असे त्याच जागेचे दोन फोटो सोबत जोडावेत.