फुकट टी-शर्ट, हजारो 'दुरुस्त्या' आणि थकलेले मेंटॉर: ओपन सोर्समध्ये विद्यार्थ्यांना शिकवणं एवढं अवघड का झालंय?

२०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. 'एक्सप्रेस' हे वेबसाइटची मागची बाजू बांधायला जगभर वापरलं जाणारं फुकट साधन. त्याच्या गिटहबवरच्या पानावर अचानक 'दुरुस्त्यां'चा पाऊस पडायला लागला. उघडून बघितलं तर कोणी माहितीच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव टाकलेलं, तर कोणी उगाच एखादी ओळ वाढवलेली. शोध घेतल्यावर कारण सापडलं. भारतात लोकप्रिय असलेल्या एका यूट्यूब व्हिडिओत गिटहब शिकवताना उदाहरण म्हणून हाच प्रकल्प दाखवला होता. बघणाऱ्यांनी सराव म्हणून तेच जसंच्या तसं केलं.

यावर भरपूर मीम्स झाले, भारतीय विद्यार्थ्यांना शिव्याही पडल्या. पण शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही. लाखो मुलांना ओपन सोर्समध्ये यायचंय, मग त्यांना शिकवणार कोण?

आधी हे मेंटॉर कोण ते बघू

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू, वापरू आणि बदलू शकतो असं सॉफ्टवेअर. तुमचा अँड्रॉइड फोन ज्या लिनक्सवर उभा आहे, ते ओपन सोर्सच. यातल्या मोठ्या प्रकल्पांमागे कंपन्यांचे पगारी इंजिनिअर असतात. पण असंख्य प्रकल्प दोन-चार माणसं नोकरी सांभाळून, रात्री आणि रविवारी चालवतात. त्यांना मेंटेनर म्हणतात.

बाहेरच्या माणसाला कोडमध्ये बदल सुचवायचा असेल तर तो 'पुल रिक्वेस्ट' पाठवतो. म्हणजे "मी हा बदल केलाय, तपासून घ्या" असा अर्जच. तो अर्ज वाचायचा, चुका दाखवायच्या, पुन्हा तपासायचा, हे सगळं मेंटेनरनं करायचं. नवख्या विद्यार्थ्याला हाताशी धरून शिकवणारा मेंटॉरही बहुतेक वेळा हाच माणूस असतो.

हिशोब कुठे बिघडतो?

या क्षेत्रातला सगळ्यात प्रसिद्ध उपक्रम म्हणजे 'गूगल समर ऑफ कोड'. २००५ मध्ये तो सुरू झाला आणि आतापर्यंत २० हजारांहून जास्त नवख्यांनी त्यातून काम केलंय. २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही त्यात प्रवेश मिळतो. निवड झालेल्याला गूगल मानधन देतं. भारतातून जाणाऱ्यांची संख्या कित्येक वर्षं सगळ्यात मोठ्या गटांपैकी एक राहिली आहे.

कागदावर सौदा छान आहे. मुलाला अनुभव आणि पैसे, प्रकल्पाला कोड. प्रत्यक्षात मात्र नवख्याला शिकवून एक काम करून घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात जाणकार मेंटॉर ते स्वतः करून मोकळा झाला असता. आधी शेकडो अर्ज वाचायचे. मग तीन महिने दर आठवड्याला बोलायचं. मुलगा कुठे अडकला, परीक्षा कधी आहे, गप्प का झालाय, हेही बघायचं. आपल्याकडच्या मुलांना तर "सर, मला हे समजलं नाही" म्हणायचाच संकोच वाटतो. दोन आठवडे गेल्यावर कळतं की पोरगं पहिल्याच दिवशी अडकलं होतं.

मग मेंटॉर हे करतो कशासाठी? तर मुलगा नंतर टिकेल, उद्या तोच प्रकल्प सांभाळेल, या आशेवर. म्हणजे मेंटॉरची मेहनत ही गुंतवणूक असते आणि तिचा परतावा मुलगा थांबला तरच मिळतो.

नेमकं इथंच गणित चुकतं. विद्यार्थ्याचं बक्षीस कार्यक्रम संपला की हातात पडतं: सर्टिफिकेट, रिझ्युमेवरची ओळ, प्लेसमेंटच्या मुलाखतीत सांगायला एक गोष्ट. त्यानंतर थांबायला त्याच्याकडे कारणच उरत नाही. यात मुलाचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याला घरी नोकरीचं उत्तर द्यायचं असतं.

बक्षीस मोजून दिलं की काय होतं?

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे 'हॅक्टोबरफेस्ट'. डिजिटलओशन या कंपनीचा हा उपक्रम. ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी योजना होती. २०२० मध्ये पहिल्या ७० हजार जणांना टी-शर्ट किंवा त्याऐवजी झाड लावण्याचा पर्याय होता. झालं! कोणी फाइलमध्ये एखादा शब्द वाढवून, तर कोणी स्वल्पविराम हलवून अर्ज पाठवले. मेंटेनर इतके वैतागले की महिना सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच नियम बदलावा लागला. जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील, तिथलीच कामं मोजायची असं ठरलं. २०२३ मध्ये फुकट टी-शर्टही बंद झाले.

आता त्यात एआयची भर पडली आहे. पूर्वी वाईट अर्ज लिहायलाही थोडे कष्ट लागायचे. आता दिसायला नीटनेटका, पण आतून चुकीचा कोड मिनिटभरात तयार होतो. लिहायचा वेळ कमी झाला, तपासायचा वेळ मात्र तेवढाच राहिला. जेंटू लिनक्सनं २०२४ मध्ये एआयनं बनवलेलं योगदान घेणंच बंद केलं. इंटरनेटवरून डेटा आणण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'कर्ल' या प्रकल्पात लोक एआयकडून सुरक्षेतल्या त्रुटींचे खोटे अहवाल लिहून पाठवत होते. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजनाच गुंडाळायचं त्यांनी जाहीर केलं.

मग नवख्यांना दारच बंद करायचं का?

तसं केलं तर धोका आणखी मोठा. 'एक्सझेड' हे फाइल दाबून लहान करण्याचं साधन कितीतरी लिनक्स सिस्टिम्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं जवळपास एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि तो थकला होता. 'जिया टॅन' नावानं एक मदतनीस आला, दोनेक वर्षं चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, प्रकल्पाच्या किल्ल्या हातात घेतल्या आणि मग कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून तो पकडला गेला.

तो जिया टॅन काही विद्यार्थी नव्हता. पण यातून एक गोष्ट कळते. जिथे पुढची फळी तयार होत नाही, तिथे एकटा दमलेला माणूस समोर येईल त्या मदतीवर विसंबतो. नवख्यांना वेळ देऊन, ओळखून, हळूहळू जबाबदारी देणं हा सुरक्षेचाही भाग आहे.

कुठे जमतंय?

लिब्रेऑफिसनं नवख्यांसाठी 'ईझी हॅक्स' म्हणून सोप्या कामांची यादीच केली आहे. आधी छोटं काम करून दाखवायचं, मग मोठ्याची गोष्ट. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या ओपन सोर्स साधनात उतरवतात. उत्तर पुस्तकातच असल्यामुळे बरोबर-चूक मुलाला स्वतःलाच ताडून बघता येतं आणि तपासणाऱ्याचा भार हलका होतो. दोन्हीकडे सूत्र एकच आहे: काम असं निवडायचं की मेंटॉरचा वेळ कमीत कमी लागेल.

कंपन्यांनी आणि कॉलेजांनीही मोजपट्टी बदलायला हवी. "किती पुल रिक्वेस्ट?" यापेक्षा "एका प्रकल्पात किती काळ टिकलास?" हा प्रश्न मुलाखतीत विचारला गेला, तर मुलं आपोआप टिकतील. मेंटॉरच्या वेळेचे पैसेही कोणीतरी द्यायला हवेत. या फुकट कोडवर धंदा करणाऱ्या कंपन्यांनी ते दिले तर सगळ्यात उत्तम.

तुम्ही विद्यार्थी असाल तर

सराव करायचा असेल तर स्वतःची रिपॉझिटरी बनवा, तिथे हवं ते करा. तुम्ही रोज वापरता असाच प्रकल्प निवडा. काम सुरू करण्याआधी "हे करू का?" असं विचारा. एआयची मदत घेतली असेल तर तसं सांगा आणि स्वतःला समजलेला कोडच पाठवा. अडकलात तर दोन दिवसांत बोला, कारण मेंटॉरला चुकांपेक्षा शांततेचा जास्त त्रास होतो.

आणि काम झाल्यावर जमलं तर थोडं थांबा. तुमच्यानंतर येणाऱ्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलंत, तरी मेंटॉरचा एक रविवार वाचतो.