लाल पेन आणि भरीत

जून उजाडला, की माझ्या मेलबॉक्समधून यंत्रमानवांची दिंडी निघते. एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा आणि कविता निवडायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. दिवसा ऑफिस, रात्री परग्रहवासी! लिहिणारे बहुतेक तुमच्या-आमच्यासारखेच. हिंजवडीत कोड लिहिणारे, बँकेत टार्गेट गाठणारे, एमपीएससीचा अभ्यास करता करता मुक्तछंद पाडणारे. मी मूळचा जळगावचा, त्यामुळे खान्देशातून काही आलं की ते आधी उघडतो. वशिला तेवढाच!

लोकांना वाटतं, संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं. ते तर असतंच. पण खरं टेन्शन वेगळं असतं. किती कापायचं, आणि कापताना लेखकाचा आवाज कसा वाचवायचा? हा फंडा शिकायला परदेशातल्या वर्कशॉपला जायची गरज नाही. जळगाव आणि धुळे, मध्ये जेमतेम नव्वदेक किलोमीटर. एवढ्यात अख्खा कोर्स होतो.

सुरुवात जळगावपासून. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचायच्या आणि घरातली माणसं त्या उतरवून घ्यायची. १९५१च्या डिसेंबरमध्ये बहिणाबाई गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आईच्या कवितांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आता विचार करा, सोपानदेवांनी त्या कविता ‘शुद्ध’ करायच्या ठरवल्या असत्या तर? पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळावं म्हणून बोली घासूनपुसून चकचकीत केली असती तर? व्याकरणाला बरं वाटलं असतं, पण बहिणाबाई गेल्या असत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ते त्या न घासलेल्या भाषेमुळे.

आता धुळे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून लिहून घेत होते साने गुरुजी. हेच गुरुजी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणार होते. म्हणजे लिहून घेणारा स्वतः सॉलिड लेखक! अशा माणसाचे हात किती शिवशिवत असतील? इथे एक उपमा टाकू, तिथे थोडं डोळ्यांत पाणी आणू... पण ‘गीता प्रवचने’ उघडा. बोलतात ते विनोबाच. स्वतःला येत असलेलं न करणं, ही संपादकाची सगळ्यात अवघड कसरत.

‘हे सगळं ठीक आहे, पण विज्ञानकथेचं काय?’ येतो, येतो.

१९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे चक्क डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. कथेची सुरुवात केली होती अहमदाबादच्या एका परिषदेत, कंटाळवाणं भाषण चालू असताना. (मीटिंगमध्ये वहीत काहीतरी खरडणाऱ्यांनो, तुमची परंपरा थोर आहे.) नाव झाकल्यामुळे परीक्षकांनी फक्त कथा वाचली. नारळीकर २०२५मध्ये गेले, पण हा धडा मी रोज वापरतो. येणारी प्रत्येक फाइल मी नाव झाकून वाचतो.

त्यांची पानिपतावरची कथा आठवते? गंगाधरपंत नावाचे इतिहासाचे प्राध्यापक दुसऱ्याच जगात जातात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले असतात. का? तर १७६१च्या त्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून जाते. तिळाएवढा फरक! बखरीतलं एक वाक्य बदलतं आणि इतिहास बदलतो. कल्पितकथेचं अख्खं गणित यात आहे. अशक्य गोष्ट एकच ठेवा, बाकी सगळं खरं. माझ्याकडे येणाऱ्या कथांमध्ये पहिल्याच पानावर कालयंत्र, परग्रहवासी आणि अमरत्वाची गोळी असं तिन्ही असतं. मी दोन काढतो. लेखक चिडतो. आठवड्याने थँक्यू म्हणतो.

आणि हे बाकीचं खरं कुठून आणायचं? पुन्हा धुळ्याला चला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुने कागद जमवले. १८९८मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘साधनां’च्या पहिल्या खंडात पानिपतापर्यंतचीच पत्रं आहेत. १९२६च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांसारख्यांनी खरी पत्रं जपली, म्हणून विज्ञानकथाकाराला एक गोळी हलवता आली. खरा कागदच नसेल, तर बदलणार काय?

गेल्या वर्षी हा सगळा कोर्स कामी आला. धुळ्याकडच्या, पण पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाची कथा आली. तापी आटलीय, गाव रिकामं झालंय, उरलीय एक आजी आणि तिची देखभाल करणारं यंत्र. कल्पना झकास. पण आजी बोलत होती बातम्या वाचणाऱ्या बाईसारखं! मी फोन केला. म्हणालो, ‘अरे, ही शिरपूरची आजी आहे की सदाशिव पेठेतली?’ तो म्हणाला, ‘सर, आधी अहिराणीत लिहिलं होतं. मग वाटलं, लोकांना कळणार नाही.’ थोडं थांबून म्हणाला, ‘आणि खरं सांगू? मला कळते, पण नीट बोलता येत नाही. घरात आता फक्त आजीच बोलते.’

आमच्या टीमचंही तेच म्हणणं होतं. नागपूरच्या वाचकाने काय करायचं? मुद्दा चुकीचा नव्हता. पण मी आजीला हात लावला नाही. हवामानाच्या सेन्सरचं दीड पान कापलं आणि त्या जागेत प्रसंग असा बसवला, की शब्द अडला तरी अर्थ अडू नये. त्याने रोज रात्री आजीला फोन लावून एकेक वाक्य विचारून घेतलं. पहिल्या खर्ड्यात आजी यंत्राला ‘यंत्रा’ म्हणायची. नव्यात ‘आंडोर’ म्हणाली. म्हणजे मुलगा. एका शब्दात कथेचं वजन बदललं. अंक आल्यावर पहिलं पत्र आलं ते नागपूरहूनच.

आमच्याकडे भरीत करताना वांगं चांगलं भाजतात, साल काढतात, पण नळाखाली धरत नाहीत. धुतलं की धुराचा वास जातो, आणि भरताची मजा त्या वासातच असते. संपादनही असंच. साल काढा, वास ठेवा.

सो, यंदा लिहायला बसलात तर एवढं करा. एकच अशक्य गोष्ट निवडा. कवितेची शेवटची, सगळं समजावून सांगणारी ओळ काढून टाका. पूर्ण मजकूर मोठ्याने वाचा आणि जिथे पात्राऐवजी तुम्हीच बोलायला लागता तिथे थांबा. आणि बोलीतला शब्द अडला तर नेटवर शोधू नका. कथा पुढच्या दिवाळीपर्यंत थांबेल. आजीला मात्र आजच फोन लावा.