अडकलेले अपडेट आणि हाती असलेला धीर



मार्चअखेरची धावपळ असो वा परीक्षेचे दिवस, लॅपटॉपला अपडेट घेण्याची हुक्की नेमकी अशाच वेळी येते. पडद्यावरचे वर्तुळ फिरत राहते, टक्केवारीचा आकडा एका जागी थबकतो आणि तास उलटला तरी हलत नाही. कधी निळा पडदा येतो, तर कधी लॅपटॉप पुनःपुन्हा सुरू होऊन बंद पडतो. पेढीचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, मुलीचा प्रकल्प, आजोबांच्या अमृतमहोत्सवाची छायाचित्रे असे सारे त्या एका पेटीत असते. मग घरातले कोणीतरी म्हणते, ‘फॉरमॅट करून टाका.’ खरा धोका या वाक्यापासून सुरू होतो.

अपडेट म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या फाइली बदलणे. आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे त्याच डिस्कवर असली, तरी त्यांची जागा वेगळी असते. दुकानाचे शटर अडकले म्हणून आतला माल नाहीसा होत नाही. अपडेट फसले असता बहुधा शटरच अडकलेले असते. माल जातो तो घाईघाईने शटर फोडताना.

१९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने याचा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीला पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय मात्र लहानसा होता. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती सदोष फाइल काढून टाकायची, की यंत्र पूर्ववत चालू. पुष्कळ ठिकाणी विलंब झाला तो डिस्कच्या कुलपाची किल्ली हाताशी नव्हती म्हणून. त्या किल्लीविषयी पुढे येईलच.

अशा प्रसंगी उपायांचा क्रम सांभाळावा. प्रथम चार्जर जोडून दोन-तीन तास थांबावे. जुन्या, संथ डिस्कच्या लॅपटॉपला मोठे अपडेट घेण्यास तेवढा वेळ सहज लागतो. अपडेट फसले तर विंडोज पुष्कळदा स्वतःच आधीच्या स्थितीवर परतते. त्यालाही वेळ हवा. पडद्यावर बायोस किंवा फर्मवेअर हे शब्द असतील, तर वीज मुळीच तोडू नये. ते लेखन अर्धवट राहिले, तर लॅपटॉप सुरूच न होण्याची शक्यता असते.

साधे अपडेट तीन तासांनंतरही जागचे हलले नाही, तर पेन ड्राइव्ह, प्रिंटर आदी जोडलेले सारे काढावे. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरून लॅपटॉप बंद करावा आणि पुन्हा सुरू करावा. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होणे फसले, की विंडोज दुरुस्तीचा पडदा आपणहून दाखवते. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडावे. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहावे, ते निष्फळ ठरल्यास ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, त्यानंतर ‘सिस्टिम रिस्टोअर’. या तिन्ही उपायांत आपल्या फाइलींना हात लागत नाही. ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय अगदी शेवटचा. त्यातही ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास फाइली राहतात, बाहेरून घेतलेले प्रोग्राम मात्र जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यास सारेच जाते.

या वाटेवर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. अनेक नव्या लॅपटॉपांची डिस्क बिटलॉकर या प्रणालीने कुलूपबंद असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात ही किल्ली बहुधा नोंदलेली असते. ती आजच, लॅपटॉप धडधाकट असताना, कागदावर उतरवून घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवावी. किल्ली हरवली, तर दुरुस्ती करणाराच काय, खुद्द कंपनीही ते कुलूप उघडू शकत नाही.

दुकानात दुरुस्तीला देण्याची वेळ आली, तर पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे: ‘आधी माहिती बाहेर काढणे, नंतर दुरुस्ती, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ लॅपटॉप सुरू होत नसला, तरी त्याची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून किंवा पेन ड्राइव्हवरील वेगळ्या प्रणालीने तो चालवून फाइली बाहेर काढता येतात. दोन्ही ठिकाणी ती किल्ली लागू शकते.

अपडेट फाइलींना सहसा धक्का लावत नाही, पण त्याला अपवादही घडला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या फाइलीच पुसल्या. मायक्रोसॉफ्टने त्याचे वितरण काही दिवसांतच थांबवले आणि दुरुस्तीनंतर नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू केले. अशा वेळी वाचवते ती दुसरीकडे ठेवलेली प्रत. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्याआधीच्या रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइलींची प्रत घ्यावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. प्रत झाल्यावर एक-दोन फाइली उघडूनही पाहाव्यात.

या भयाने अपडेट कायमचे बंद ठेवणे हा मार्ग नव्हे. सुरक्षेच्या त्रुटी त्यातूनच बुजवल्या जातात. विवरणपत्राची अंतिम तारीख तोंडावर असेल, तर ते काही दिवस पुढे ढकलण्याची सोय विंडोजमध्ये आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक घरांत ११ कडे जाण्याची तयारी चालू असेल. हा बदल न मानवल्यास पहिल्या दहा दिवसांत मागे फिरता येते. त्याआधीही प्रत घ्यावी, डिस्कवर पुरेशी जागा मोकळी करावी आणि चार्जर लावून ठेवावा.

लॅपटॉप पुन्हा विकत मिळतो. दहा वर्षांचे हिशेब आणि घरातल्या माणसांची छायाचित्रे मिळत नाहीत. म्हणून येत्या रविवारी दोनच कामे करावीत: ४८ अंकी किल्ली कागदावर आणि फाइलींची प्रत कपाटात.