हजेरीनंतरची दहा मिनिटे

संविधान दिनी भिवंडीतल्या शाळांमध्ये उद्देशिका रोजच्यापेक्षा चढ्या आवाजात म्हटली जाते. परिपाठात ती वाचावी असे राज्य सरकारने २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून ठरवून दिलेच होते. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही आपल्या शाळांना तशा सूचना पाठवल्या. उद्देशिका रोज वाचा, अन्य धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, शाळेच्या आवारात सर्वांसाठी एक प्रार्थनेची खोली ठेवा. परिषदेच्या छत्राखाली देशभरात सुमारे १४ हजार शाळा आहेत. त्यामुळे हा कागद किरकोळ नव्हता.

आपल्याकडे इंग्रजी शाळा दिसली की तिला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायची रीत आहे. दारात गणपती आणि पाटीवर ‘कॉन्व्हेंट’ अशाही शाळा आहेत, त्यांचे इथे बाजूला ठेवू. प्रश्न आहे तो फादर-सिस्टरांनी चालवलेल्या हायस्कुलांचा. तिथली बहुतेक मुले ख्रिस्ती नसतातच. बिशपांच्या त्या सूचनांमध्ये आपुलकी किती आणि सभोवतालच्या संशयी हवेत घेतलेली खबरदारी किती, असे कुणी विचारले तर खबरदारीचे पारडे जड होते, हे मान्य करावे लागेल. तसे पाहता संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाचे तिसरे कलम पहिल्यापासून लादू नका, हेच सांगत आले आहे. सरकारमान्य किंवा सरकारी निधीतून मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि सज्ञान नसेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. पण लादायचे नाही एवढ्याने भागते का? सक्ती नसलेल्या घरातही पाहुणा पाहुणाच राहतो. मुलाला शाळा आपली वाटावी यासाठी आधी शाळेने त्याचे म्हणणे ऐकायला हवे आणि ऐकून स्वतःत काहीतरी बदलायला हवे. बदल झाला नाही तर ते ऐकणे म्हणजे स्नेहसंमेलनातला एक कार्यक्रम.

भिवंडीच्या वर्गात ऐकण्यासारखे काय असते, ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. एका बाकावर उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांची चौथी पिढी, शेजारी पद्मशाली घरातली तेलुगू बोलणारी मुलगी, मागे आगरी बोली घरी ठेवून आलेला मुलगा, खिडकीपाशी कोकणी मुसलमान, ज्याची घरची भाषा ना उर्दू ना शाळेतली मराठी. शिवाय गोदामांच्या कामावर आलेल्या बिहारी कुटुंबांतली मुले. तालुक्याच्या कडेने गेलात तर कातकरी, ज्यांची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जातात आणि ज्यांच्यापैकी फार थोडी मुले अशा शाळांच्या दारापर्यंत पोहोचतात. ही सगळी मुले एका गणवेशात उभी राहिली की प्रार्थनेच्या रांगेत एकसारखी दिसतात. गणवेशाचे काम तेवढेच.

या गावाला ऐकण्याची किंमत ठाऊक आहे, कारण ती इथे रक्ताने मोजली गेली. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीतून हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. चौकशीसाठी मादन आयोग नेमला गेला. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा दंगल. त्यानंतर, १९८८ मध्ये, पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्या शांतता समित्यांपेक्षा वेगळ्या होत्या. शांतता समिती म्हणजे सणाच्या आधी दोन दिवस पोलीस ठाण्यात भरणारी, चहा-बिस्किटांवर उरकणारी, ठरावीक पुढाऱ्यांची बैठक. मोहल्ला कमिटीत गल्लीतली साधी माणसे होती, दोन्ही धर्मांची, आणि त्यांची भेट वर्षभर, काही घडलेले नसताना व्हायची. रोजचे प्रश्न, बारीकसारीक भांडणे तिथे निघायची. शेजारच्या माणसाशी नळाच्या पाण्यावरून बोलायची सवय असली, तर अफवा आल्यावर त्याचेच दार वाजवावेसे वाटते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी यावर पुस्तक लिहिले. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकांनीही भिवंडीचा दाखला दिला. आम्ही वर्तमानपत्रवाले मात्र त्या चार वर्षांतल्या नीरस बैठकांकडे फिरकलो नव्हतो. बैठकीत बातमी नसते.

शाळेने यातून उचलायचे ते हेच वर्षभराचे वेळापत्रक. आंतरधर्मीय दिवस वर्षातून एकदा साजरा करायचा, मुलांना तुर्रेदार फेटे आणि जाळीच्या टोप्या घालून फोटो काढायचे, ही झाली शांतता समिती. हजेरीनंतरची दहा मिनिटे, आठवड्यातून दोनदा, ही होईल मोहल्ला कमिटी. त्या दहा मिनिटांत मोठे काही निघणार नाही. शुक्रवारी पेपर दुपारी का ठेवता, एवढेच कुणी विचारेल. डायरीतली सूचना इंग्रजीत आणि आईला वाचता येते उर्दू किंवा तेलुगू. मग सूचना वाचून दाखवणार कोण? ज्याच्या खोड्यांबद्दल ती लिहिली आहे तोच, आणि तो काय वाचून दाखवतो हे सांगायला नको. वर्गात घरची भाषा बोलली म्हणून दंड भरायला लावणाऱ्या शाळा अजून आहेत. त्या दंडाबद्दल मुलांना काय वाटते, हे एकदा त्यांना विचारून पाहावे. मिस आपले नाव रोज चुकीचे उच्चारते आणि वर्ग हसतो, हे सांगायला एखाद्या मुलीला जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत वेळ लागेल. पण त्याच दिवशी मिसने नाव नीट म्हणून पाहिले, तर दुसऱ्या दिवशी आणखी तीन हात वर होतील.

असे ऐकणे चर्चला परके नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेली आणि २०२४ मध्ये संपलेली धर्मसभा ऐकण्यावरच उभी होती. रोममध्ये कार्डिनल, बिशप, सिस्टर आणि साधे गृहस्थ गोल टेबलांभोवती बसले. प्रत्येकाने थोडा वेळ बोलायचे, मध्ये कुणी तोंड घालायचे नाही, मग थोडी शांतता, आणि दुसऱ्या फेरीत स्वतःचे नाही तर दुसऱ्याच्या बोलण्यातले काय मनाला लागले ते सांगायचे. आठवी ‘ब’च्या वर्गाला ही दुसरी फेरी जमेल का? जमेल, पण पहिले दोन महिने गोंगाट होईल. आपल्या विधिमंडळाला ती कधी जमेल, हा वेगळा विषय.

मागे जायचे तर थेट गोव्यापर्यंत जाता येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले; जवळजवळ अकरा हजार ओव्या. आमची जुनी पुराणे थांबवलीत, मग आम्हाला नवी का देत नाही, असे एक ब्राह्मण विचारतो, ही त्या ग्रंथाच्या आरंभीचीच हकिकत. इंग्लंडातून आलेल्या पाद्र्याने तक्रार ऐकली आणि तक्रार करणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या छंदात उत्तर रचले. त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा मोडून काढण्याचे फर्मान काढले. कान आणि हुकूम, दोन्ही या एकाच इतिहासात आहेत, आणि दंड लावणाऱ्या शाळेने आपण कुणाचे वारस आहोत ते तपासून पाहायला हरकत नाही.

शिक्षकांची अडचण खरी आहे. एका वर्गात साठ मुले, पोर्शन संपवायचा, वर बोर्डाचे निकाल. शाळेतच शिक्षकांचे कुणी ऐकत नसेल, तर त्यांनी मुलांचे ऐकावे ही अपेक्षा निर्लज्जपणाची ठरते. म्हणून सुरुवात स्टाफरूमपासून, आणि प्यूनपासूनही, व्हावी. कोण डबा न आणता येतो हे बहुधा त्यालाच आधी कळते.

पेरेंट्स मीटिंगला लूमवर काम करणारा बाप येतो तो पाळी संपवून, कपड्यांवर कापसाचा भुगा घेऊन. बारा-बारा तास यंत्रमागाच्या खडखडाटात राहून त्याला कमी ऐकू येऊ लागलेले असते. कारखान्यात सगळेच एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, म्हणून तिथे त्याचे अडत नाही. इथे टीचर मान खाली घालून रिमार्क वाचते आणि तो ‘जी, जी’ म्हणत राहतो. मग तो मोठ्याने काही विचारतो, आणि मागच्या खुर्च्यांवरचे लोक त्याच्याकडे वळून बघतात, हा भांडतोय की काय म्हणून. टीचरने रजिस्टर मिटले, खुर्ची त्याच्या समोर ओढली आणि तोंड वर करून हळू बोलली, तर तो पहिल्यांदा ‘जी’ऐवजी प्रश्न विचारेल: पोरगी घरी हिशेबात हुशार आहे, मग गणितात मार्क का कमी?