राजीनामा की रजा?

नांदेड-लातूर पट्ट्यातील बऱ्याच मोठ्या गावांत दोन शाळा दिसतात. एक जिल्हा परिषदेची, दुसरी एखाद्या शिक्षण संस्थेची अनुदानित. दोन्हीकडच्या गुरुजींचे वेतन अखेर शासनाच्या तिजोरीतूनच होते. मात्र गावाच्या आग्रहाखातर निवडणुकीस उभे राहायचे ठरले, की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. अनुदानित शाळेचा शिक्षक शासकीय सेवक ठरत नाही. त्याला १९८१ ची स्वतंत्र सेवाशर्ती नियमावली लागू आहे आणि उमेदवारीचे दार त्याच्यासाठी सर्वस्वी बंद नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकापुढे मात्र राजीनाम्याखेरीज पर्याय नसतो.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील पाचव्या नियमानुसार शासकीय कर्मचाऱ्यास मतदान करता येते. पण प्रचार करणे वा निवडणूक लढविणे निषिद्ध आहे. त्यावर राज्यघटनेच्या १९१ व्या अनुच्छेदातील ‘लाभाच्या पदा’ची अपात्रता आहेच. त्यामुळे निवडून आल्यावर रजा घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या निर्बंधाची किंमत मोठी आहे. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्यास वीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेता येते. त्याआधी राजीनामा दिल्यास पूर्वीची सेवा बाद होते. पराभव झाला तर पदही नाही आणि नोकरीही नाही. साहजिकच सेवेतील अनुभवी माणूस निवृत्तीनंतरच सार्वजनिक जीवनात उतरतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे लातूरचे नगराध्यक्ष आणि पुढे २००८ ते २०१४ या काळात राज्यसभेचे सदस्य झाले, तेही कुलगुरुपदाची कारकीर्द संपल्यानंतरच.

बंदीमागील युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. मतदार याद्यांचे काम आणि मतदान केंद्राची जबाबदारी याच शिक्षकांवर असते. आजचा मतदान अधिकारी उद्याचा उमेदवार होणार असेल, तर यंत्रणेच्या निःपक्षपातीपणावर विश्वास कोण ठेवणार? तहसीलदार किंवा पोलीस अधिकारी यांच्याबाबत ही शंका अधिकच रास्त ठरते.

तथापि अन्यत्र मधला मार्ग काढण्यात आला आहे. जर्मनीच्या घटनेचा ४८ वा अनुच्छेद संसदेच्या उमेदवारास प्रचारासाठी रजेचा हक्क देतो आणि खासदारकीमुळे नोकरीवरून काढण्यास मनाई करतो. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने नोकरदार नगरसेवकांना कामातून वाजवी सवलत दिली आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये डुंगरपूरच्या एका शासकीय डॉक्टरला विधानसभा लढविण्याची आणि हरल्यास सेवेत परतण्याची मुभा दिली होती.

महाराष्ट्रातही घटनादुरुस्तीची गरज नाही. कोणते लाभाचे पद अपात्रतेतून वगळावे, हे विधिमंडळ कायद्याने ठरवू शकते. महसूल, पोलीस व निवडणूक यंत्रणा वगळून, केवळ स्थानिक संस्थांपुरती, उमेदवारी दाखल केल्यापासून बिनपगारी रजा आणि परतल्यावर अन्य तालुक्यात बदली, अशा अटींवर शिक्षक, लिपिकांना संधी देता येईल. उमेदवारी दाखल करण्याच्या बऱ्याच आधीपासून त्यांना निवडणुकीच्या कामातून वगळावे लागेल, हे ओघानेच आले.

एकाच गावात, एकाच तिजोरीतून वेतन घेणाऱ्या दोन गुरुजींना दोन न्याय का, या प्रश्नाचे उत्तर शासनाने दिले पाहिजे. निःपक्षपातीपणा जपायचा असेल, तर तो दोघांकडूनही अपेक्षित आहे. आणि लोकशाहीतील सहभाग हा हक्क असेल, तर तोही दोघांचाच आहे.