जांभळ्या कड्यावरचा खटला

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आत्महत्या केली नाही, त्याला कुणीतरी गोळी घातली, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ हा चित्रपट पाहून आलेला माणूस तर हमखास सांगतो. या मताला बळ दिले ते स्टीव्हन नायफे आणि ग्रेगरी व्हाइट स्मिथ यांच्या २०११च्या चरित्राने. ओव्हेर गावात उन्हाळ्यासाठी आलेला रने सक्रेताँ हा सोळा वर्षांचा पोरगा, त्याच्याकडचे पिस्तूल, चुकून उडालेली गोळी आणि पोराला वाचवण्यासाठी सगळा दोष स्वतःवर घेणारा चित्रकार, अशी ती मांडणी. वाचायला झकास. पण अनेकांना ती पटली एका डॉक्टरच्या शब्दामुळे.

ते डॉक्टर म्हणजे टेक्सासचे न्यायवैद्यकतज्ज्ञ व्हिन्सेंट डी मायो. बंदुकीच्या जखमांवरचा त्यांचा ग्रंथ या विषयात प्रमाण मानला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. त्या काळच्या पिस्तुलाच्या काडतुसात काळी दारू असे. धूर न करणारी दारू १८८४मध्ये निघाली खरी, पण ती मुख्यतः लष्करी रायफलींत वापरली जाई. काळी दारू भलती घाण करते. गोळी जवळून झाडली असती तर जखमेभोवती काजळी, भाजल्याची खूण आणि कातडीत रुतलेले दारूचे कण दिसायला हवे होते. हातही पोळला असता. वर्णनात यातले काहीच नाही. शिवाय जखमेची जागा स्वतःच्या हाताला अडचणीची. म्हणून गोळी दुसऱ्या कुणीतरी झाडली.

यातला एक भाग बिनतोड आहे. जखमेभोवती जांभळट कडे होते, ते जवळून गोळी लागल्यामुळेच, असे ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातल्या अभ्यासकांनी २०१३मध्ये लिहिले होते. डी मायोंनी ते साफ खोडून काढले. जांभळा रंग कातडीखालच्या रक्तस्रावाचा. गोळी आत शिरताना कातडीची कड खरचटते, तिचा रंग तपकिरी. दोन्ही खुणा जवळच्या आणि लांबच्या गोळीने सारख्याच उठतात. अंतर त्यांवरून कळत नाही. इथवर माझे डी मायोंशी भांडण नाही. आत्महत्येच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो मुद्दा मुकाट्याने सोडून द्यावा.

भांडण पुढे आहे. ‘वर्णनात काजळी नाही’ हे खरे. पण वर्णन कुणाचे आणि कसले? २७ जुलै १८९०च्या संध्याकाळी व्हिन्सेंट राव्हूच्या खानावळीत जखमी होऊन परतला. गावचे डॉ. माझरी आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारे डॉ. गाशे यांनी त्याला पाहिले. गोळी आतच राहिली. २९ तारखेच्या पहाटे तो गेला. शवविच्छेदन झाले नाही. आपल्यापर्यंत पोचलेले जखमेचे वर्णन नंतरच्या लेखनातून, सांगोवांगी आलेले. ‘वाटाण्याएवढे भोक, भोवती कडे’ एवढ्यावर आजच्या कुठल्या न्यायवैद्यकाने अहवालावर सही केली असती? काजळी नव्हती असे कुणी लिहिलेले नाही. काजळीबद्दल कुणी लिहिलेच नाही. हातांचेही तेच. तळवा पोळला नव्हता असे म्हणायला आधी कुणी तळवा उलटून पाहावा लागतो.

आणि सदरा? बंदुकीच्या जखमेत कपडा हा निम्मा पुरावा असतो. गोळी कापडातून गेली तर काजळी आणि दारूचे कण कापड आपल्यावर घेते, खालची कातडी बरीचशी स्वच्छ राहू शकते. म्हणून तर आज शवागारात कपडे जपून उतरवतात, भोकावरून कात्री चालवत नाहीत, हात कागदी पिशवीत बांधतात. व्हिन्सेंटचा सदरा कुणी तपासला नाही. तो तपासलेला नसताना कातडीवरून अंतर सांगणे हा प्रमाण ग्रंथ लिहिणाऱ्याला न शोभणारा उतावीळपणा आहे.

समजा, गोळी थोड्या लांबून लागली हेही मान्य केले. त्यातून अंतर आणि दिशा मिळेल; हेतू मिळणार नाही. मृत्यूची तऱ्हा ठरवायची तर जखमेबरोबर माणसाचे बोलणे, वागणे, आजार सगळे समोर घ्यावे लागते, आणि इथे ते आहे. जखमी माणूस एका दिवसाहून अधिक काळ शुद्धीवर होता. भाऊ थिओ उशाशी होता. अंत्ययात्रेला आलेला चित्रकार एमिल बेर्नार याने काही दिवसांतच समीक्षक ओरिये याला पत्र लिहिले. कृत्य जाणूनबुजून केल्याचे व्हिन्सेंटने सांगितले, हे त्यात आहे. १८८८च्या डिसेंबरपासूनचे आजारपण आणि सँ-रेमीच्या रुग्णालयातले वर्ष यांच्याही नोंदी आहेत. उलट बाजूला काय? जॉन रेवाल्ड या कलेतिहासकाराने १९३०च्या दशकात गावात ऐकलेली कुजबुज, आणि १९५६मध्ये म्हाताऱ्या सक्रेताँने दिलेली मुलाखत. तीतही गोळी आपण झाडल्याचे तो म्हणत नाही, पिस्तूल व्हिन्सेंटने लांबवले असे म्हणतो. ‘कुणावर आळ घेऊ नका’ हे व्हिन्सेंटचे सांगणे ‘म्हणजे कुणाला तरी वाचवत होता’ असे वाचायचे ठरवले, तर कुठलाच मृत्यूपूर्व जबाब उभा राहायचा नाही.

शेतात सापडलेले ७ मिलिमीटरचे एक गंजके लेफोशो पिस्तूल २०१९मध्ये पॅरिसच्या लिलावात दीड लाख युरोंवर गेले. तेच ते, असे खात्रीने कुणी म्हणत नाही. १९०५मध्ये व्हिन्सेंटचे अवशेष दुसऱ्या कबरीत हलवले. कबर उद्या पुन्हा उघडली आणि गोळी मिळाली, तर तिचा व्यास मोजता येईल. तो ७ मिलिमीटर भरला, तर त्या पिस्तुलाची किंमत तेवढी वाढेल.