फोकस वाढला, डोकं नाही

'गोळी घेतली की डोकं लेझरसारखं चालतं.' आयटीत आल्यापासून हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता कोण बोलतंय ते बघायलाही मान वळत नाही. कुणी रिलीजच्या आठवड्यात मोडाफिनिल घेतो, कुणी मित्राच्या एडीएचडीच्या पाकिटातल्या दोन गोळ्या मागून नेतो. पुढे पार्टीत कुणीतरी एमडीची पुडी काढतं, तेव्हा ते वेगळंच जग आहे असं सगळे धरून चालतात. ते जग फार लांब नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं, ते कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून. पुण्यातून सोलापूर रोडने निघालं की वाटेत लागतं ते कुरकुंभ.

उत्तेजक द्रव्यं शरीराची वाट लावत असतील, पण बुद्धीला धार लावतात, अशी एक समजूत आपल्यात मुरलीय. माझं भांडण तिच्याशी आहे. (ज्यांना एडीएचडी आहे आणि जे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेतात, त्यांच्याशी नाही. त्यांना 'तू पण ड्रग्ज घेतोस का' असं विचारणाऱ्यांनी जरा गप्प बसावं.)

नॅपसॅक प्रॉब्लेम आठवतोय? कॅम्पस प्लेसमेंटसाठी घोकलेला. पिशवीला वजनाची मर्यादा, वस्तूंची वजनं आणि किमती वेगवेगळ्या, पिशवीत जास्तीत जास्त किमतीचा माल भरायचा. २०२३ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. चाळीस निरोगी माणसांना त्यांनी हेच कोडं दिलं. कधी मिथिलफेनिडेट देऊन, कधी डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामाइन, कधी मोडाफिनिल, तर कधी औषधच नसलेली गोळी. खऱ्या गोळीवर लोकांनी जास्त वेळ घेतला आणि पिशवीत वस्तू टाकणं-काढणंही वाढवलं. म्हणजे मेहनत वाढली. पण त्या मेहनतीचा दर्जा घसरला, चाली जास्त अंदाधुंद झाल्या. एरवी सरासरीपेक्षा वर असणारे लोक गोळीवर सरासरीच्या खाली गेले. डोकं चालतंय असं वाटणं आणि डोकं चालणं यांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारा प्रयोग माझ्या वाचनात दुसरा नाही.

आणि हे एकेका डोसचं. रोजच्या सेवनाची गोष्ट निराळी आहे.

विचारांची लवचीकता मोजायची एक साधी रीत आहे. दोन खोके ठेवायचे, त्यातल्या एकात खाऊ. कुठल्या खोक्यात खाऊ आहे ते शिकून झालं, की गुपचूप अदलाबदल करायची. आता जुना नियम सोडायला किती वेळ लागतो ते बघायचं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हर्वेट माकडांना १४ दिवस कोकेन दिलं, मग बंद केलं. पुढे नवव्या आणि तिसाव्या दिवशी चाचणी झाली. नवीन गोष्ट शिकण्यात ही माकडं कच्ची नव्हती. अदलाबदल झाल्यावर मात्र ती रिकाम्या खोक्याकडेच जात राहिली, इतर माकडांपेक्षा कितीतरी जास्त वेळा. द्रव्य थांबून महिना झालेला होता!

यामागचं यंत्र असं. अपेक्षा एक होती, मिळालं दुसरं, म्हणजे आता नियम बदलला, हा हिशोब कपाळामागचा मेंदूचा भाग आणि खोलवरचा स्ट्रायटम मिळून करतात. त्यांच्यातलं निरोप्याचं काम डोपामिन करतं. कोकेन डोपामिनला परत आत जाऊ देत नाही. मेथ तर ते आतून बाहेर ढकलतं. रोजच असा पूर आला, की मेंदू डोपामिन टिपणारी काही दारं बंद करून घेतो. मेथच्या व्यसनींच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये डी-टू नावाची ही दारं कमी दिसतात आणि कपाळामागचा भाग मंदावलेला दिसतो. जुना नियम चुकतोय, ही खबर येते, पण ऐकली जात नाही.

इथे आमच्यातला कुणीतरी पॉल एर्डॉशचं नाव काढतोच. हंगेरियन गणिती, आयुष्यभर शेकडो पेपर, आणि उत्तरायुष्यात अ‍ॅम्फेटामाइन. १९७९ मध्ये रॉन ग्रॅहमने त्याच्याशी पाचशे डॉलरची पैज लावली, महिनाभर सोडून दाखव. एर्डॉशने सोडलं, पैज जिंकली, आणि गणित एक महिना मागे गेलं म्हणून कुरकुर केली. कोऱ्या कागदाकडे बघत बसायचो, म्हणाला. किस्सा भारी आहे, पण बेंचमार्क म्हणून फेकून द्यायच्या लायकीचा. रोज घेणाऱ्याने अचानक बंद केल्यावर पहिल्या महिन्यात जे मोजलं जातं, ती बेसलाइन नव्हे. ते द्रव्य सुटण्याचे परिणाम आहेत. शिवाय एर्डॉश आधीपासून एर्डॉश होता.

दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. कोलंबिया विद्यापीठाचे कार्ल हार्ट बजावत आलेत, की मेथ घेणाऱ्यांचे चाचण्यांतले बरेच निकाल सामान्य मर्यादेतच बसतात, त्यांना मेंदू सडलेली माणसं म्हणू नका. बरोबरच आहे. पण आपलं काम 'सामान्य मर्यादे'वर चालत नाही. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलेलं असताना 'मी तीन तास चुकीच्या फाइलमध्ये शोधतोय' हे कळणं, हाच तर आपला धंदा. तेवढंच गेलं तरी पुष्कळ गेलं.

मग गोळी खपते का? कारण आपल्याकडे मेहनत मोजतात. आठवड्याला ७० तास काम करा, असं नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले, त्यावर टाळ्याही पडल्या. तास मोजणाऱ्या डॅशबोर्डवर गोळी घेतलेला माणूस हिरो दिसणारच. अंदाधुंद चालींचा रकाना त्यात नाही.

घरीही तेच. व्यसन म्हटलं की मराठी घराच्या डोळ्यांसमोर दारू येते, नाहीतर अनिल अवचटांनी लिहिलेलं 'गर्द'. लटपटणारा, ओकणारा, चोऱ्या करणारा पोरगा. उत्तेजकांचा माणूस आधी कामसू दिसतो. सोडतो तेव्हा दिवसचे दिवस झोपतो, खा खा खातो, खिन्न बसतो. घरचे म्हणतात, आळशी झालाय. मग सुरू होतं, 'मनात आण ना, आणलंस तर सुटेल.' मन वळवायचं ज्या यंत्राने, त्यालाच दुखापत झालीय, आणि आपण त्याच्याकडे वळण्याचा पुरावा मागतोय.

ती दुखापत भरून येते का? २००१ मध्ये नोरा व्होल्कोव आणि सहकाऱ्यांनी मेथ सोडलेल्या काही जणांचे मेंदू पुन्हा तपासले. घटलेले डोपामिन-वाहक बऱ्याच प्रमाणात परतले होते. हालचालींच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांतली सुधारणा त्या मानाने तोकडी होती. आणि या तपासण्या सोडल्यानंतर १२ ते १७ महिन्यांनी झालेल्या. आमच्याकडे नोटीस पीरियड ९० दिवसांचा असतो, आणि तीन महिन्यांची गॅप दिसली की एचआरचा पहिला प्रश्न असतो, 'मधल्या काळात काय करत होतात?'